डॉ. ऑस्वल्ड एव्हरी

रोगजंतूंचा शोध करणाऱ्या पाश्चर व कॉख यांचीं नांवें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असतील. परंतु एकाच जातीच्या जंतूंपैकीं एक प्राणघातक व दुसरा निरुपद्रवी कां असावा, आणि हा घातकपणा पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या द्रव्याच्या द्वारें उतरतो, या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं शोधून काढिलें, ते डॉ. ऑस्वल्ड एव्हरी त्या मानानें कमी लोकांस परिचित आहेत. आज जंतूच्या आनुवंशिक द्रव्यांतील अक्षरमाला वाचून तो किती घातक ठरेल याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांचा पाया या मितभाषी गृहस्थांनीं घातला. म्हणून त्यांचें अल्प चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों.

एव्हरी यांचा जन्म ता. २१ ऑक्टोबर १८७७ रोजीं कॅनडांतील हॅलिफॅक्स शहरीं झाला. त्यांचे वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. १८८७ सालीं हें कुटुंब न्यूयॉर्क येथील एका गरीब वस्तींत राहावयास आलें. तेथें ऑस्वल्ड व त्यांचे वडील बंधु अर्नेस्ट हे दोघे कॉर्नेट नांवाचें तुतारीसारखें वाद्य शिकले, आणि रविवारीं देवळाच्या पायऱ्यांवर तें वाजवून जाणाऱ्यायेणाऱ्यांस उपासनेस बोलावूं लागले. पुढें १८९२ सालीं वडील व बंधु दोघेही निवर्तले. अशा आपत्तींतही ऑस्वल्ड यांनीं विद्याभ्यास सोडला नाहीं. १९०० सालीं ते कोलगेट येथून पदवीधर झाले व १९०४ सालीं कोलंबिया विद्यापीठांतून डॉक्टर झाले.

कांहीं वर्षें त्यांनीं वैद्यकीचा धंदा केला. परंतु फुप्फुसांच्या जुनाट विकारांनीं पीडलेल्या रोग्यांस आपल्या हातून गुण येत नाहीं, हें पाहून त्यांचें मन विटलें. १९०७ सालीं ते ब्रुकलिन येथील एका प्रयोगशाळेंत गेले, आणि १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयांत दाखल झाले. त्यांचें पुढील बहुतेक सर्व आयुष्य तेथेंच गेलें. त्या काळीं न्यूमोनियावर खात्रीचें औषध नव्हतें. एव्हरी यांनीं या रोगाच्या जंतूचाच अभ्यास हातीं घेतला.

या जंतूच्या अंगावर एक गुळगुळीत कवच असतें. तें असलें म्हणजे रक्तांतील रक्षक पेशींस त्याला गिळणें जड जातें व तो घातक ठरतो. तें नसलें म्हणजे तो बहुधा निरुपद्रवी होतो. हें कवच एक प्रकारच्या शर्करेचें बनलेलें असतें, असें एव्हरी व त्यांचे सहकारी हायडेलबर्गर यांनीं १९२३ सालीं दाखवून दिलें.

१९२८ सालीं लंडन येथील फ्रेडरिक ग्रिफिथ यांनीं एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. कवच नसलेले जिवंत जंतु, आणि उष्णतेनें मारलेले कवचधारी जंतु, हे दोन्ही त्यांनीं एकत्र करून उंदरांस टोंचले. यांपैकीं कोणताही एक प्रकार निराळा टोंचला असतां उंदीर जगत. मिश्रणानें मात्र ते मेले, आणि त्यांच्या रक्तांत जिवंत कवचधारी जंतु सांपडले! मेलेल्यांनीं जिवंतांस आपला गुण देऊन टाकिला होता. एव्हरी यांस हें प्रथम खरें वाटेना. परंतु त्यांच्याच प्रयोगशाळेंत तीच गोष्ट पुनः सिद्ध झाली, तेव्हां हा गुण नेणारा पदार्थ कोणता, हें शोधण्याचा त्यांनीं निश्चय केला.

हें काम अत्यंत चिकाटीचें होतें. प्रथम मॅक्लाउड व मागाहून मॅकार्टी हे तरुण डॉक्टर त्यांचे साथीदार होते. सुमारें ७५ लिटर जंतुद्रवांतून तो पदार्थ अवघा १० ते २५ मिलिग्रॅम निघे. प्रथिनें पचविणारे द्रव त्यावर घातले, तरी त्याचा प्रभाव कायम राही, डी. एन. ए. या द्रव्याचा नाश करणारा द्रव घातला, म्हणजे मात्र प्रभाव लोपे. त्या काळीं बहुतेक शास्त्रज्ञ आनुवंशिक गुण प्रथिनांत असतात असें मानीत, डी. एन. ए. हें त्यांस अगदीं साधें व एकसुरी द्रव्य वाटे. एव्हरी यांचा निबंध ता. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं प्रसिद्ध झाला. त्या वेळीं ते ६६ वर्षांचे होते. पुराव्याच्या पलीकडे एक शब्दही जाऊं नये, अशा बेतानें त्यांनीं तो लिहिला होता.

पुष्कळांनीं शंका घेतल्या. १९४५ सालीं त्यांस कोप्ले पदक मिळालें. नोबेल पारितोषिक मात्र कधींच मिळालें नाहीं. १९४८ सालीं ते आपल्या धाकट्या बंधूंजवळ नॅशव्हिल येथें राहावयास गेले, व तेथेंच ता. २० फेब्रुवारी १९५५ रोजीं त्यांचें देहावसान झालें. तत्पूर्वीं १९५३ सालीं डी. एन. ए. ची रचना उलगडली होती, व एव्हरी यांचें म्हणणें सर्वमान्य होऊं लागलें होतें.

पुढें या द्रव्यांतील चार अक्षरांची माला वाचण्याची युक्ति साधली. एव्हरी ज्या कवचहीन वाणावर प्रयोग करीत, त्याचा घातक पूर्वज व एक निरुपद्रवी वंशज या दोघांची सुमारें वीस-वीस लक्ष अक्षरें २००७ सालीं शेजारीं ठेवून ताडून पाहण्यांत आलीं. वंशजांत कवच बनविणाऱ्या भागांतील सुमारें साडेसात हजार अक्षरें गळालेलीं आढळलीं. आज या जंतूच्या कवचाचे शंभरांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत, आणि जंतूची अक्षरमाला हातीं आली म्हणजे त्याचें कवच कोणत्या प्रकारचें, हें सांगतां येतें. तथापि येथेंही एव्हरींची सावधगिरी हवी. जो कवचधारी जंतु एखाद्या वृद्धाचा प्राण घेतो, तोच सुदृढ बालकाच्या नाकाघशांत आठवडेच्या आठवडे निमूटपणें राहतो. अक्षरें जंतूची शस्त्रें कोणतीं तें सांगतात. परंतु घाव किती खोल बसेल, हें रोग्याच्या वयावर, पोषणावर व प्रतिकारशक्तीवरही अवलंबून असतें.

या कार्याचें एक फळ आमच्याही घरांपर्यंत आलें आहे. कवचाची शर्करा प्रथिनास जोडिली असतां शरीर तिला ओळखून प्रतिकार करितें, हें एव्हरी व गोबेल यांनीं १९३१ च्या सुमारास सशांवर दाखविलें होतें. त्याच तत्त्वावरील न्यूमोनियाची एक लस २०२० सालीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें बाजारांत आणिली.

विद्यार्थीमित्रहो, एव्हरी यांस जी गोष्ट प्रथम खोटी वाटली, तीच त्यांनीं अनेक वर्षें खपून खरी करून दाखविली. आणि ती खरी ठरल्यावरही तिचा डंका पिटला नाहीं. आपलें मत पुराव्यापुढें नमविणें व पुराव्याच्या पुढें न धांवणें, हे दोन गुण त्यांच्या चरित्रांतून आम्हां सर्वांस घेण्यासारखे आहेत.