फावडे हाती घेतलेला शांतिसैनिक

आपत्ती आली की मदतीचा ओघ सुरू होतो आणि तो ओसरला की खरे प्रश्न डोके वर काढतात. घरे कोठे बांधायची, ते कोणी ठरवायचे आणि मदतीला आलेल्याने केव्हा बाजूला व्हायचे? या प्रश्नांशी अडखळलो की मला पियेर सेरेसोल आठवतात. युरोपातल्या शांतता चळवळीत हे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्या देशाच्या मातीत राबून गेलेला हा स्विस माणूस इकडे मात्र फारसा कोणाच्या स्मरणात उरलेला नाही.

सेरेसोल यांचा जन्म १८७९ मध्ये लोझान येथला. घर मातब्बर, वडील १८७३ साली स्विस संघराज्याचे अध्यक्ष होते. पियेर अभियंता झाले, अमेरिका आणि जपान पाहून आले. पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. वडिलोपार्जित संपत्ती त्यांनी सरकारला देऊन टाकली आणि लष्करी कर भरण्यास नकार दिला. अध्यक्षांचा मुलगा त्यापायी तुरुंगात गेला.

पण केवळ नकार देऊन त्यांचे समाधान होणारे नव्हते. सैनिक देशासाठी जिवाचे रान करतो, तर शांतता मागणाऱ्याने नुसती भाषणे करून कसे चालेल? १९२० मध्ये व्हर्दूनच्या रणभूमीजवळच्या एन या उद्ध्वस्त फ्रेंच गावात त्यांनी स्वयंसेवकांची तुकडी नेली. तीत काही जर्मनही होते. कालच्या शत्रूने येऊन घर बांधून द्यावे, ही कल्पना सुंदर होती. पण जखमा ओल्या होत्या. जर्मनांच्या उपस्थितीला विरोध झाला आणि काही महिन्यांत काम आटोपते घ्यावे लागले. चांगला हेतू हा गावात शिरण्याचा परवाना नव्हे, हा धडा त्यांना पहिल्याच प्रयोगात मिळाला.

पुढची वाट निसर्गाच्या कोपाने दाखवली. १९२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओरमाँ खोऱ्यात हिमकडे कोसळल्यानंतर स्वयंसेवक ढिगारे उपसायला गेले. त्यात पियेर यांचे बंधू अर्नेस्ट पुढे होते, आणि हे अर्नेस्ट स्विस सैन्यात कर्नल होते! १९२८ मध्ये ऱ्हाईनच्या पुराने गाळात रुतलेल्या लिक्टेनस्टाईनमध्ये अनेक देशांतून सातशेहून अधिक स्वयंसेवक आले. पुराला राष्ट्र नसते, त्यामुळे मदतीला आलेल्या कोणाकडेच गाव शत्रू म्हणून पाहत नाही. यातूनच आंतरराष्ट्रीय नागरी सेवेची संघटना आकाराला आली.

१५ जानेवारी १९३४ रोजी भर दुपारी बिहार आणि नेपाळ हादरले. दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. जमिनीतून उसळलेल्या वाळूने शेते झाकली, विहिरी बुजल्या. सरकार आणि काँग्रेस यांच्यात तेव्हा उभा दावा होता. तुरुंगातून नुकतेच सुटलेले राजेंद्रबाबू मदत समितीचा गाडा ओढत होते. वर्ध्याहून जमनालाल बजाज आले, हिशेबाची जबाबदारी कुमारप्पांनी घेतली. डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी स्वित्झर्लंडला आले होते तेव्हापासून सेरेसोल यांचा त्यांच्याशी परिचय होता. सेरेसोल बिहारला पोहोचले. १९३४ ते १९३७ या काळात ते पुनःपुन्हा येत राहिले. पुढे जो विल्किन्सन, फ्रेझर हॉयलंड आणि पॉल शेंकर हे सहकारीही आले. इंग्रज अधिकारी आणि काँग्रेसचे कार्यकर्ते, दोघांशीही बोलू शकणारी ही माणसे होती.

मुझफ्फरपूर भागात पुराच्या तडाख्यात सापडणारी गावे उंच जागी हलवण्याचे काम त्यांनी घेतले. नव्या वस्तीला शांतिपूर असे नाव मिळाले. पण इथे युरोपचा अनुभव अपुरा पडणार होता. बिहारात हातांची वाण नव्हती. वाण होती ती मजुरीची. परदेशी पाहुण्याने फुकट माती उपसली, तर एखाद्या भुकेल्याचा रोजगार जाणार. मग या तुकडीचे मोल कशात होते? मला वाटते, सोबतीत. अंगमेहनत म्हणजे खालच्या जातीचे काम असे मानणाऱ्या समाजात, राज्यकर्त्यांच्या वर्णाचा शिकलेला माणूस डोक्यावर पाटी घेतो, हे दृश्यच पुष्कळ बोलत असणार.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडेही गावेच्या गावे नव्या जागी वसवली गेली. त्या वस्त्यांतून हिंडताना मला रुंद, सरळ रस्ते दिसले आणि जुनी गल्ली, जुना शेजार आठवणारी म्हातारी माणसेही भेटली. घर बांधणे ही अभियांत्रिकी आहे. गाव पुन्हा जुळणे ही वेगळीच गोष्ट. ती गावकऱ्यांनीच करायची असते. बाहेरच्याने फार तर हात द्यावा.

सेरेसोल अखेरपर्यंत स्वस्थ बसले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात शांततेचा निरोप घेऊन ते परवान्याविना जर्मनीच्या हद्दीत शिरले आणि पकडले गेले. ऑक्टोबर १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावर थोड्याच दिवसांत, ते वारले. त्यांनी युद्धे थांबवली नाहीत, ते कोणाच्याच हातचे नव्हते. पण शांततेच्या बाजूने उभे राहणाऱ्याच्या हातावर घट्टे असले पाहिजेत, ही अट त्यांनी घालून दिली. पुढच्या पुरात, पुढच्या भूकंपात धावून जाणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे.