पीक कापणीच्या टेपमागचा माणूस : वि. म. दांडेकर

सोयाबीन काढणीला आलं, की काही निवडक शिवारांत तलाठी, ग्रामसेवक नाही तर कृषी सहायक टेप, खुंट्या आणि सुतळी घेऊन येतात. (तलाठ्याला 2024 पासून कागदावर ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच.) गट आधीच ठरलेला असतो. शेतात प्लॉट कुठं पाडायचा तेही मनाने ठरवायचं नसतं, आकड्यांच्या तक्त्यावरून ठरतं. तेवढ्याच तुकड्यातलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि अर्जावर लिहायचं. शेजारच्या बांधावर उभा असलेला शेतकरी बघतो आणि म्हणतो, माझ्या रानाचं काय? माझं रान तर कुणी बघितलंच नाही.

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ज्यांनी विचार करून, जाणूनबुजून दिलं होतं ते प्रा. विनायक महादेव दांडेकर. आपल्याकडे त्यांचं नाव निघतं ते अनुशेषाच्या दांडेकर समितीमुळे. पण आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या खात्यावर विम्याचे पैसे येतात किंवा येत नाहीत, त्यामागेही हाच माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दांडेकरांचा जन्म 6 जुलै 1920 चा, साताऱ्याचा. त्यांचा मूळ विषय संख्याशास्त्र. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत ते आले तेव्हा तिथं धनंजयराव गाडगीळ संचालक होते. गाडगीळांची शिस्त अशी, की शेतीवर बोलायचं तर आधी गावात जायचं, बिघा-एकर, खर्च-उत्पन्न विचारायचं, मग लिहायचं. त्या तालमीत दांडेकर तयार झाले. 1950 साली देशात राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. घरोघर जाऊन शेती, खर्च, धंदा विचारायचा, पण सगळ्या घरांना नाही, नमुन्यादाखल निवडलेल्या घरांनाच. त्या पहिल्या पाहणीत पुण्याच्या संस्थेने स्वतःच्या प्रश्नपत्रिका वापरल्या होत्या, आणि त्यांवरचा अहवाल 1953 मध्ये दांडेकरांनी लिहिला. थोडं मोजून पुष्कळाचा अंदाज कसा काढायचा आणि तो कुठं चुकतो, हा त्यांचा जन्मभराचा विषय झाला.

1957 साली त्यांनी खुदानपूर यांच्याबरोबर मुंबई राज्याच्या 1948 च्या कूळ कायद्याची तपासणी करून अहवाल काढला. कायदा कागदावर चांगला, पण गावात काय झालं? कुळांनी जमिनी स्वखुशीने सोडून दिल्याच्या नोंदी ढिगाने सापडल्या. ही स्वखुशी कितपत खरी, हे तलाठी दप्तर बघणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. अहवालाने सांगून टाकलं, की कायद्याचा अंमल झाल्याची खूण फारशी दिसत नाही. आपला बीड जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आपल्याकडे हैदराबादचा 1950 चा कुळांचा कायदा होता, म्हणून या अहवालात आपली गावं नाहीत.

1966 मध्ये दांडेकर गोखले संस्थेचे संचालक झाले आणि 1980 पर्यंत राहिले. 1971 साली त्यांनी व नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने दिल्लीत खळबळ उडाली. हिशेब साधा होता. माणसाला दिवसाला 2250 उष्मांक मिळेल एवढं खायला लागतं. त्यासाठी 1960-61 च्या भावाने खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च करता आला पाहिजे. तेवढाही खर्च न करू शकणारे खेड्यात शेकडा 40 आणि शहरात जवळपास 50 निघाले. यावर पुढे मोठा वाद झाला. गंमत म्हणजे वाद घालणारे डॉ. पां. वा. सुखात्मेही सातारा जिल्ह्यातलेच, खटाव तालुक्यातल्या बुधचे. सुखात्म्यांचं म्हणणं, माणसाची गरज रोज सारखी नसते, सरासरीला रेघ मारली की गरीब जास्त दिसतात. दांडेकरांनी ते मानलं नाही. पण तेच सुखात्मे पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय पद्धत देशात बसवणाऱ्यांपैकी एक, आणि दांडेकरांची विमा योजना उभी राहिली ती याच प्रयोगांवर.

दारिद्र्यावर दांडेकर-रथांनी सुचवलेला उपाय होता सार्वजनिक कामांवर हमखास रोजगार. लगोलग बहात्तरचा दुष्काळ आला. त्या सालात आपल्या जिल्ह्यात खडी फोडलेली, पाझर तलावावर माती वाहिलेली, सुकडी खाल्लेली माणसं अजून गावोगाव आहेत. दुष्काळी भागाची पाहणी दांडेकरांनी केली होती. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची आणि तिचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. ते श्रेय दांडेकरांना देणं बरोबर नाही. पण अशी हमी परवडते आणि ती दिलीच पाहिजे, हे आकड्यांनिशी मांडणाऱ्यांत ते पुढे होते.

आता विम्याची गोष्ट.

देशात पीक विमा 1972 साली आला तो गुजरातेत, एच-4 कापसावर. त्यात प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजायचं होतं. ती योजना 1978 पर्यंत चालली. शेतकरी 3110, हप्ता जमा झाला साडेचार लाखांच्या आसपास आणि भरपाई गेली जवळपास 38 लाख. असा धंदा कोण करील? दांडेकरांनी 1976 मध्ये लेख लिहून दाखवलं, की दोष विम्यात नाही, मोजण्याच्या पद्धतीत आहे.

त्यांचा विचार असा. एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजायचं म्हटलं तर लाखो बांधांवर माणूस पाठवावा लागेल. तेवढी माणसं नाहीत, आणि पाठवली तरी कोणाचं पीक पावसाने गेलं आणि कोणाचं खुरपणी न केल्याने गेलं, हे कसं ओळखणार? शिवाय ज्याचं रान हमखास बुडतं तोच विमा उतरवील, चांगल्या रानाचा माणूस येणारच नाही. तेव्हा एक सारख्या हवामानाचा, सारख्या जमिनीचा टापू धरा. त्या टापूत शास्त्राप्रमाणे प्रयोग घ्या. टापूचं सरासरी उत्पन्न ठरलेल्या पातळीच्या खाली आलं, की त्या टापूतल्या सगळ्या विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. ज्याने जीव तोडून मशागत केली, पाणी दिलं आणि पीक वाचवलं, त्यालाही ती मिळेल. म्हणजे मेहनत केल्याची शिक्षा होणार नाही. आणि ज्याने हयगय केली त्याला हयगयीचं बक्षीसही नाही.

हे बीडच्या भाषेत करून बघू. समजा एका मंडळाचं सोयाबीनचं उंबरठा उत्पादन हेक्टरी 10 क्विंटल ठरलं. प्रयोगांची सरासरी आली 6 क्विंटल. विमा रक्कम 50 हजार असेल तर भरपाई हेक्टरी 20 हजार. तुमच्या रानात 3 क्विंटल झालं तरी 20 हजार, 9 झालं तरी 20 हजार. आता उलटं घ्या. सरासरी आली 11, आणि गारपिटीने तुमचं एकट्याचं सगळं गेलं. या हिशेबात मिळणार शून्य. हा उंबरठा सध्याच्या प्रधानमंत्री योजनेत मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून, जोखीमस्तर लावून काढतात. (याचा पैसेवारीशी घोळ करू नये. पन्नास पैशांच्या आत गाव आलं म्हणून विमा मिळतोच असं नाही.)

दांडेकरांच्या या पद्धतीने 1979 मध्ये सर्वसाधारण विमा महामंडळाने प्रायोगिक योजना चालवली, ती तोट्यात गेली नाही. मग 1985 च्या खरिपात केंद्राची सर्वंकष पीक विमा योजना आली, कर्जाला जोडलेली. 1999-2000 च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा आणि 2016 च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा. नावं बदलली, हप्ते बदलले, पाया टापूचाच राहिला.

पण दांडेकरांनी टापू सारखा असला पाहिजे म्हटलं होतं, तिथंच आपल्याकडे घोडं पेंड खातं. बीडची सरासरी पावसाची 666 मिलिमीटर, ती कागदावर. आष्टी, पाटोद्याची बालाघाटावरची मुरमाड रानं आणि गेवराई, माजलगावची गंगथडीची काळी यांची तुलना होत नाही, हे तर झालंच. एकाच मंडळात माळ आणि काळी शेजारी शेजारी असते. माळावरचं सोयाबीन पंधरा दिवसांच्या उघडिपीत करपतं, काळीतलं तग धरतं. प्रयोग काळीत जास्त पडले तर माळवाल्याचा दावा गेला. हा पद्धतीचा दोष नव्हे, टापू मोठा धरल्याचा आणि प्रयोग कमी घेतल्याचा दोष आहे, असं आमचं मत. संख्याशास्त्रज्ञाने दिलेलं औजार आहे ते, धार न लावता वापरलं तर कापणार कसं?

1983 साली राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल शोधायला सत्यशोधन समिती नेमली, अध्यक्ष दांडेकर. अहवाल 1984 मध्ये आला. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन विकास, पशुवैद्यकीय सेवा अशा एकेका बाबतीत राज्याची सरासरी काढली आणि तिच्या खाली जो जिल्हा जेवढा आहे तेवढा त्याचा अनुशेष धरला. सिंचन मोजताना त्यांनी एकर सरळ मोजले नाहीत, रब्बी ज्वारीच्या मापात मोजले. उसाचा एक एकर पाण्याच्या हिशेबाने ज्वारीच्या कितीतरी एकरांबरोबर जातो. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला हे माप पटकन कळतं. एकूण अनुशेष निघाला 3186 कोटी 78 लाखांचा. त्यात विदर्भ 1246 कोटी 55 लाख, मराठवाडा 750 कोटी 85 लाख, आणि उरलेला बाकी महाराष्ट्राचा. विभागाऐवजी जिल्हा धरल्याने पश्चिम महाराष्ट्राच्याही वाट्याला मोठा अनुशेष आला, यावर मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी नाराजी दाखवली, ती गैर नव्हती. पण मागासलेपण म्हणजे नुसती तक्रार नसून मोजता येणारी रक्कम आहे, हे त्या अहवालाने दाखवलं. वैधानिक विकास मंडळं 1994 मध्ये आली, त्या सगळ्या मागण्यांना आकड्यांचा आधार इथूनच मिळाला.

30 जुलै 1995 रोजी दांडेकर गेले.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी त्यांचा विमा आपल्या जिल्ह्यात अडला. बीडमध्ये तोटा येतो म्हणून खासगी कंपन्या निविदाच भरेनात. 2020 च्या खरिपात भारतीय कृषी विमा कंपनीने काम घेतलं ते एका अटीवर. भरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याने उचलायचा. भरपाई कमी झाली तर कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेले पैसे राज्याला परत करायचे. हाच बीड पॅटर्न, 2022 मध्ये तो राज्यभर लागू झाला. 2023 मध्ये एक रुपयात विमा आला, अर्जांचा पूर आला, बोगस अर्जांची प्रकरणं निघाली आणि त्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव गाजलं. 2025 च्या खरिपात राज्याने एक रुपयाची योजना बंद केली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत झाला आणि भरपाईचा निकाल पुन्हा पीक कापणी प्रयोगांवर आला. काही पिकांत आता उपग्रहाच्या अंदाजालाही वजन आहे.

म्हणजे सगळं परत त्या टेपेवर आणि खुंट्यांवर. प्रयोग कोणत्या गटात पडला ते काढणीच्या आधी तलाठ्याला, ग्रामसेवकाला विचारावं. प्रयोगाच्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि गावसमितीच्या लोकांनी बांधावर हजर राहावं. अर्जावर सही वजन झाल्यावर करायची असते, चहाच्या हॉटेलात नव्हे.