अॅलन ट्यूरिंग आणि यंत्रातले यंत्र

आपल्या उज्जयिनीतील वेधशाळा पाहिली नाही असा विद्यार्थी विरळाच. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेल्या त्या आवारात सम्राट यंत्र वेळ सांगते, भित्ति यंत्र मध्यान्हीचा सूर्य खस्वस्तिकापासून किती ढळला ते सांगते, दिगंश यंत्र दिशा दाखविते. ज्याचे काम त्याच्या दगडाविटांतच बांधलेले. सम्राट यंत्राकडून दिगंश यंत्राचे काम करून घ्यावयाचे म्हटले, तर गवंडीच बोलवावे लागतील!

आता दुसरे दृश्य पाहा. लॅपटॉपवर विंडोज चालू आहे आणि तिच्याच एका चौकटीत लिनक्स ही निराळी कार्यप्रणाली सुरू झाली आहे. या पाहुण्या प्रणालीच्या लेखी ती स्वतंत्र यंत्रावर नांदत असते. वास्तविक तिची चकती म्हणजे यजमानाकडील एक फाईल, आणि तिची स्मृती म्हणजे यजमानाने काढून दिलेला वाटा. व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर मध्ये बसून हा सारा बनाव सांभाळते. एक वीटही न हलविता यंत्रात यंत्र उभे राहते. असे करता येईल हे, आजच्यासारखा एकही संगणक अस्तित्वात नसताना, ज्याने कागदावर दाखवून दिले, त्या अॅलन ट्यूरिंगचे हे चरित्र.

अॅलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आई मद्रास रेल्वेच्या मुख्य अभियंत्याची कन्या. तिचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. आईवडील हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडात परक्यांच्या घरी, असे अॅलनचे बालपण गेले. १९२६ साली तो शेरबोर्नच्या शाळेत दाखल व्हावयास निघाला, तो नेमका देशव्यापी संपाचा काळ. आगगाड्या बंद. चौदा वर्षांचाही न झालेला हा मुलगा साउदम्प्टनहून सायकलीवर निघाला आणि वाटेत एका खाणावळीत रात्र काढून, सुमारे शंभर किलोमीटर तुडवून, शाळेत हजर झाला. तेथे ख्रिस्तोफर मॉरकॉम या मित्राच्या संगतीत त्याची विज्ञानाची गोडी वाढली. १९३० मध्ये क्षयाने तो मित्र दगावला. ते दुःख अॅलनच्या मनातून कधीच गेले नाही.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात असताना हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाचा एक प्रश्न त्याच्यापुढे आला. कोणतेही गणिती विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे ठरविणारी एखादी निश्चित रीत असू शकेल काय? ट्यूरिंगने वेगळीच वाट धरली. आकडेमोड करणारा मनुष्य प्रत्यक्षात करतो काय, हेच त्याने आधी पाहिले. चौकटीतील चिन्ह वाचावयाचे, नियमाप्रमाणे ते खोडावयाचे वा बदलावयाचे, आणि शेजारच्या चौकटीकडे जावयाचे. एवढेच तर असते! असे करणारे एक यंत्र त्याने कल्पिले. मग त्याच्या ध्यानात आले की, यंत्राचे नियम हीदेखील शेवटी चिन्हेच. ती पट्टीवर लिहून दुसऱ्या यंत्रास दिली, तर ते यंत्र ती वाचून पहिल्यासारखे वागू लागेल. म्हणजे कोणत्याही गणनयंत्राचे सोंग घेणारे एकच विश्वयंत्र शक्य आहे. १९३६ च्या या निबंधात हिल्बर्टच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी निघाले. अमेरिकेत अलोंझो चर्चही स्वतंत्रपणे त्याच उत्तराला पोहोचला होता. पण विश्वयंत्राची कल्पना ट्यूरिंगची.

सोंग घेण्यास मोल पडते. यजमानाला पाहुण्याच्या एका पावलासाठी आपली अनेक पावले टाकावी लागतात. घरी कोंकणी आणि वर्गात मराठी बोलणाऱ्या प्रस्तुत लेखकाला ही ओढाताण चांगली परिचयाची आहे! आजचे सॉफ्टवेअर पाहुण्याच्या बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवर चालू देते आणि यंत्राचा ताबा मागणाऱ्या आज्ञा तेवढ्या अडविते. म्हणून काम जलद होते. आयबीएमने १९६० नंतरच्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांवर ही युक्ती प्रथम अमलात आणली.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे ट्यूरिंगने जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची सांकेतिक लिपी उलगडणारी बाँब नावाची यंत्रे आखली. पोलंडच्या गणितज्ञांनी त्याआधी पाया घातला होता, हेही सांगितले पाहिजे. लोकांना ट्यूरिंग आठवतो तो या पराक्रमामुळे; मला मात्र १९३६ चा निबंधच मोठा वाटतो.

युद्धानंतर त्याने संगणकाचा सविस्तर आराखडा केला, आणि पुढे तो मँचेस्टरला गेला. बुद्धिबळ खेळणारा एक कार्यक्रमही त्याने रचला. पण तो चालवू शकेल असा संगणक नव्हता. तेव्हा १९५२ साली कागदपेन्सिल घेऊन ट्यूरिंग स्वतःच यंत्र झाला. एकेका खेळीच्या हिशेबास सुमारे अर्धा तास लागे, आणि आपली बुद्धी मध्ये न आणता नियम सांगतील तीच खेळी करावयाची! कार्यक्रम हरला.

त्याच वर्षी त्याच्यावर खटला झाला. एका पुरुषाशी प्रेमसंबंध ठेवणे हा इंग्लंडच्या तत्कालीन कायद्याने गुन्हा होता. तुरुंग टाळण्यासाठी त्याला संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले. ज्या राष्ट्राची त्याने युद्धात एवढी सेवा केली, त्यानेच त्याला असे वागवावे, हे वाचताना मन विषण्ण होते. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने त्याचा अंत झाला. चौकशीत आत्महत्येचा निर्णय झाला. आईने तो अपघातच मानला. ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ मध्ये जाहीर क्षमा मागितली, आणि २०१३ मध्ये राजाज्ञेने त्याला माफी मिळाली.

पोदनूरला जन्मलेल्या त्या मातेने १९५९ साली मुलाचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात त्याच्या युद्धकाळातील कामगिरीचा उलगडा नाही. ते सारे तेव्हा सरकारी गुपित होते, आणि ते तिलाही ठाऊक नव्हते.