सगळे ग्रहण बघत होते, या फोटोग्राफरनं कॅमेरा गर्दीकडे वळवला

१७ एप्रिल १९१२. पॅरिसच्या बॅस्टील चौकात गर्दी जमलेली. सूर्यग्रहण होतं, त्यामुळं सगळ्यांच्या माना वर आणि डोळ्यांसमोर काच. तिथंच एक पंचावन्न वर्षांचा माणूस तिपाईवर लाकडी कॅमेरा लावून उभा होता. त्यानं फोटो काढला तो वर बघणाऱ्या माणसांचा. सूर्य त्यात कुठंच नाही.

या माणसाचं नाव युजेन आत्झे.

जन्म १८५७ चा, फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या लिबूर्नचा. आईवडील लहानपणीच गेले. गडी आधी जहाजावर कामाला लागला, मग गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत छोट्यामोठ्या भूमिका करत राहिला. नट म्हणून काही जम बसला नाही. तिशी ओलांडल्यावर त्यानं कॅमेरा हातात घेतला आणि तोही पोटासाठी. चित्रकारांना समोर ठेवून चित्र काढता येईल असे झाडांचे, दारांचे, गल्ल्यांचे फोटो तो विकायचा.

त्या काळात जुनं पॅरिस पाडून नवे रस्ते, नव्या इमारती होत होत्या. १८९७ च्या सुमारास आत्झेनं ठरवलं, आता हे जुनं शहरच टिपायचं. पुढची तीस वर्षं तो तेच करत राहिला. अरुंद बोळ, जिने, दारावरच्या कड्या, दुकानांच्या काचा, फेरीवाले, कचरा वेचणारे. आयफेल टॉवर मात्र त्यानं जवळजवळ टाळलाच.

आता गंमत त्याच्या कॅमेऱ्याची. १८ बाय २४ सेंटीमीटरच्या काचेच्या प्लेटा आणि एकेका फोटोला काही सेकंद. तो बऱ्याचदा पहाटेच बाहेर पडायचा, म्हणून रस्ते ओस दिसतात. मधूनच कुणी चालत गेलं तर फोटोत नुसती धूसर सावली उरायची. उंच इमारत मावावी म्हणून तो लेन्स वर सरकवायचा, त्यामुळं वरचे कोपरे काळे व्हायचे. तेही त्यानं कापले नाहीत. छोटे, झटपट कॅमेरे बाजारात आले तरी पठ्ठ्यानं आपला जुना कॅमेरा सोडला नाही.

पैसा बेताचाच. पहिल्या महायुद्धात काचा फुटू नयेत म्हणून त्या तळघरात ठेवल्या. १९२० मध्ये २,६२१ निगेटिव्ह सरकारला १० हजार फ्रँकला विकल्या.

त्याच्याच रस्त्यावर मॅन रे हा अमेरिकन कलाकार राहायचा. त्याला हे फोटो भलतेच आवडले. १९२६ मध्ये ते अतिवास्तववाद्यांच्या मासिकात आले, ग्रहणाचा फोटो तर थेट मुखपृष्ठावर. आत्झेनं मात्र अट घातली, माझं नाव छापू नका. ही कला नाही, नुसत्या नोंदी आहेत, असं त्याचं म्हणणं. आमच्या मते इथं तो साफ चुकला होता.

त्याच वर्षी त्याची आयुष्यभराची जोडीदार व्हॅलेंटिन गेली. १९२७ मध्ये मॅन रेची आधीची सहायक बेरेनिस ॲबटनं थकलेल्या आत्झेचे फोटो काढले. प्रिंट दाखवायला ती घरी गेली तेव्हा कळलं, तो वारला होता. ऑगस्टचा महिना होता.

ॲबटनं जमवाजमव करून त्याच्या उरलेल्या निगेटिव्ह आणि हजारो प्रिंट विकत घेतल्या. चाळीस वर्षं सांभाळल्या. १९६८ मध्ये हा सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं घेतला.