डॉ. रखमाबाई : एका नकाराची कहाणी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आजोबा लालबागच्या गिरणीत साचे चालवायचे. १९८२ च्या संपानंतर ते कायमचे घरी बसले. वडील दुकानात कामाला आहेत आणि आई पोळीभाजीचे डबे करते. वार्षिकासाठी मी थोर व्यक्तीचे चरित्र लिहिणार म्हटल्यावर घरी सर्वांना वाटले, ही सावित्रीबाईंवर लिहील. मी डॉ. रखमाबाईंवर लिहायचे ठरवले. त्याचे कारण शेवटी सांगते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार समाजातील एका कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे, जयंतीबाईंचे, लग्न चौदाव्या वर्षी झाले. पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. त्यांच्या समाजात पुनर्विवाहाला बंदी नव्हती. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी विवाह केला. गिरगावातल्या या डॉक्टरांच्या घरात रखमाबाईंना पुस्तकांची गोडी लागली. पण सुधारकाचे घर झाले तरी रूढी दाराबाहेर थांबत नाही. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आले.

जावयाने सासरेबुवांच्या घरी राहून शिकावे, असे ठरले होते. दादाजींचे अभ्यासात मन रमले नाही आणि ते आपल्या मामाकडे राहू लागले. मुलगी वयात आली की गर्भाधान उरकून तिला नवऱ्याच्या स्वाधीन करायचे, हा त्या काळचा रिवाज. त्या वेळच्या कायद्यानेही पत्नीचे संमतीवय अवघे दहा वर्षे धरले होते. डॉ. सखाराम अर्जुन वैद्यकशास्त्र जाणणारे होते. त्यांनी इतक्या लहान मुलीचा संसार सुरू करायला नकार दिला. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि वाचत राहिल्या. जसजसे वाचन वाढले, तसतसे त्यांना कळले की ज्या लग्नाला त्यांना कुणी विचारलेच नव्हते, ते लग्न त्यांना मान्य नाही.

१८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला पाठवा म्हणून वकिलामार्फत तगादा लावला आणि मग मुंबई उच्च न्यायालयात दावा गुदरला. दावा होता वैवाहिक हक्कांचा. १८८५ च्या एप्रिलमध्ये डॉ. सखाराम अर्जुन वारले आणि वीस वर्षांच्या मुलीचा मोठा आधार गेला. त्याच वर्षी त्यांनी टोपणनावाने इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहून बालविवाहाने मुलीचे आयुष्य कसे कोमेजते ते मांडले.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अजाण वयात लग्न झालेल्या, कधीही एकत्र न राहिलेल्या स्त्रीला इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या हवाली करणे त्यांना क्रूरपणाचे वाटले. सुधारकांना आनंद झाला, पण सनातनी मंडळी खवळली. १८८६ मध्ये अपिलात हा निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

हे वाचताना एका ठिकाणी मी थबकले. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आम्ही शाळेत दरवर्षी साजरी करायचो, त्यांच्यावर भाषण करून मी बक्षीसही मिळवले होते. त्या टिळकांच्या वृत्तपत्रांनी रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली होती. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. तो मुद्दा मला समजतो. पण धर्म आणि सरकार यांच्या या भांडणात त्या मुलीच्या मनाचे काय, हे विचारणारे थोडेच निघाले.

जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. म्हणजे न्यायालयाने रखमाबाईंना सोडवले नाही, त्यांना पैसे भरून सुटावे लागले.

दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मरण पावली. मुलीने दहा वर्षे ओलांडली होती, म्हणून कायद्याने तो बलात्कार ठरला नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेला वाद या मृत्यूने भडकला आणि १८९१ च्या कायद्याने संमतीवय बारा झाले. दहाचे बारा होण्यासाठी एवढी किंमत द्यावी लागली!

रखमाबाई मात्र रडत बसल्या नाहीत. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. प्रथम सुरतेला वीसहून अधिक वर्षे आणि मग राजकोटला त्यांनी स्त्रियांची सेवा केली. पुन्हा लग्न केले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला आणि ज्या दाव्याने त्यांना कोर्टात ओढले होते, तो नांदायला बोलावण्याचा दावा त्या कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे.

आता कारण सांगते. मी दहावीत असताना माझी मावशी एका रात्री आमच्या खोलीत येऊन बसली. नवऱ्याच्या रात्रीच्या जबरदस्तीला ती विटली होती. पोलीस ठाण्यात हा घरगुती मामला आहे असे सांगून तिला परत पाठवले होते. दुसऱ्या दिवशी चाळीतली चार वडीलधारी माणसे जमली. इतकी वर्षे काय केलेस, मुलांचे काय होणार, लोक काय म्हणतील, असे सगळे प्रश्न तिलाच विचारले गेले. तिच्या नवऱ्याला एकही प्रश्न विचारला गेला नाही. मी दाराशी चहाचे कप घेऊन उभी होते. संध्याकाळी मावशी परत गेली.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीवरची जबरदस्ती हा बलात्कार ठरवला. पण २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला सूट आहेच. आणि अत्याचार परक्याने केला, तरी आपल्या वस्त्यांत पहिली उलटतपासणी मुलीचीच होते. तू तिथे का गेलीस, ओरडली का नाहीस, आत्ताच का सांगतेस? कोर्टाची पायरी तर नंतर येते.

मैत्रिणींनो, रखमाबाईंपाशी पुस्तके होती, सुधारक मित्र होते, दोन हजार रुपये उभे करता आले. माझ्या मावशीजवळ यातले काहीच नव्हते. तिच्याजवळ मी होते, आणि मी गप्प राहिले. उद्या आमच्या चाळीत पुन्हा अशी बैठक बसली, तर चहाचे कप खाली ठेवून मी विचारणार आहे, की हिची इच्छा काय, हे कुणी विचारले का? रखमाबाईंचे चरित्र वाचून मी एवढे तरी शिकले.