सोनखताचा माणूस

राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या दिवशी गेलं की दर्शनाची रांग टेकडीच्या पायथ्यापर्यंत आलेली दिसते. दुर्वा, जास्वंद, नारळाच्या शेंड्या. संध्याकाळपर्यंत ढीग साचतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी त्या भागातल्या एका बँकशाखेत शेतीकर्जं पाहत होतो. ढिगाकडे मी कधी नीट पाहिलं नाही. माझं लक्ष वसुलीवर.

त्या दिवसांत गोबरगॅसची कर्जं बरीच वाटली. सबसिडी होती, वरून उद्दिष्टं यायची, आम्ही भराभर सह्या करायचो. शेण जितकं तितकंच पाणी लागतं, आणि दुष्काळात जालन्याकडचा शेतकरी आधी जनावरं विकतो, हे कर्ज देताना कुणी विचारलं नाही. मीही नाही. पुढे वसुलीला गेलो तर एका खड्ड्यात कडबा रचलेला. थकबाकीच्या यादीत मात्र त्या शेतकऱ्याचं नाव, माझं नव्हे.

अशाच एका मुक्कामी अप्पासाहेब पटवर्धनांचं आत्मचरित्र हाती आलं. कोकणचे गांधी एवढंच मला माहीत होतं. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, जन्म १८९४, रत्नागिरीकडचे. तत्त्वज्ञान शिकलेला, प्राध्यापकी मिळालेला हा बुद्धिमान तरुण सगळं सोडून गांधीजींकडे गेला. १९३० साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात तो पुढे होता. इथवरचं आयुष्य त्या पिढीतल्या अनेकांचं असेल. वेगळं घडलं ते तुरुंगात.

१९३२ साली अप्पा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथं मैला उचलायचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच दिलं जाई. अप्पांनी ते मागितलं. हे ब्राह्मणाचं काम नाही म्हणून सरकारनं नाकारलं. अप्पांनी आपलं अन्न कमी केलं. ती बातमी येरवड्याला पोचताच गांधीजींनीही उपास धरला आणि दोनेक दिवसांत सरकारला नमतं घ्यावं लागलं. झाडू मिळावा म्हणून उपोषण! आमच्या घरी मोरी तुंबली की माणूस शोधायला आम्ही गावभर फिरायचो, हे वाचताना आठवलं आणि मान खाली गेली.

१९४८ साली कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला. मेलेल्या जनावरांचं कातडं कमावणं, हाडांचं खत करणं, ही सवर्णांनी शिवायची नाहीत अशी कामं तिथं रोजची झाली. आणि संडास. मैला माती नि पाल्यापाचोळ्यानं झाकायचा, काही महिने मुरू द्यायचा, मग काळंभोर खत शेतात न्यायचं. सोनखत हा शब्द जुनाच. अप्पांनी तो जगून दाखवला. जमिनीतून आलेलं जमिनीला परत गेलं तर घाण म्हणून काही उरत नाही आणि ती उचलणारी जातही उरायला नको, असा त्यांचा हिशेब होता. बँकेत मी इतका चोख ताळेबंद पाहिला नाही.

१९७१ साली अप्पा गेले. देहूचे डॉ. मापुसकर मैल्यापासून गॅस करण्याचं काम पुढं नेत राहिले. बाकी आपण शहरात राहायला आलो आणि उकिरडा विसरलो.

उकिरडा आणि शहराचा कचरा डेपो यांत फरक आहे तो हवेचा. उघड्यावर पाला मिसळून, उलथापालथ होत कुजलं की खत होतं. तेच ओलं अन्न, भाजीची देठं, निर्माल्य हजारो टनांखाली दडपलं की हवेविना सडतं आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या २५ पटींहून अधिक ऊब धरून ठेवणारा हा वायू. गोबरगॅसच्या टाकीत तोच पकडून आपण चहा करतो, डेपोत तो आभाळात जातो, कधी पेटतो. खालून झिरपणारं काळं पाणी विहिरी नासवतं. आणि मराठवाड्याच्या भुकेल्या जमिनीला मिळायचं खत, जे ओल धरून ठेवतं, ते तिकडं कायमचं अडकतं.

२०१८ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या औरंगाबादेत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. बरीच वर्षं त्यांच्या उशाशी आम्ही आमचं उष्टं टाकत होतो. काही दिवसांतच चौकाचौकात ढीग, धूर, डास. माझ्या फाटकाशीही एक. त्या ढिगासमोर उभं राहून राजूरच्या दुर्वा आठवल्या आणि अप्पाही.

आमच्या इमारतीत मग खताच्या दोन टाक्या आल्या. सभेत मी भाषण केलं, अप्पांचं नावही घेतलं. टाकी उलथायला मात्र महिन्याच्या पगारावर एक बाई ठेवली. गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली आणि ओलीनं टाकी आंबायला लागली. दोन दिवस सगळे नाकाला रुमाल लावून गेले, मीही. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतीनं काही न बोलता माझ्या हातात फावडं दिलं. कोरडा पाला घालून मी ते वरखाली केलं. वास आठवड्यानं गेला. बाई आता बरी होऊन परतली आहे, पण रविवारची पाळी माझ्याकडेच राहिली. आज पेपर वाचून झाला की खाली जायचं आहे.