इरावती कर्वे : गुरूंशी मतभेद करणारी विदुषी

इरावती कर्वे यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर हे तेथे कापसाच्या व्यवसायातील एका कंपनीत अभियंता होते. देशातील मोठ्या नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले आणि सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत धाडण्यात आले. सोहारच्या बंदरात, तेलशुद्धीकरण कारखान्यात किंवा ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांवर काम करणाऱ्या मराठी कुटुंबांना ही कथा परकी वाटणार नाही. बापाची नोकरी एका देशात आणि लेकरांची शाळा दुसऱ्या देशात, ही विभागणी आजच्या आखाती स्थलांतराहून बरीच जुनी आहे.

पुण्यात इरावतीला दुसरे घर लाभले ते रँग्लर र. पु. परांजपे यांचे. त्यांची कन्या शकुंतला ही तिची मैत्रीण. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या परांजप्यांच्या घरी पुस्तके होती, वादविवाद होते आणि मुलीने बुद्धीने विचार करावा अशी अपेक्षा होती. फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर दक्षिणा फेलोशिप मिळवून इरावतीबाई मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या. घुर्ये मूळचे मालवणचे, केंब्रिजचे डॉक्टर. भारतातील समाजशास्त्राच्या संशोधनाला त्यांनी शिस्त लावली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली इरावतीबाईंनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये एम. ए. झाल्या. अभ्यासविषय म्हणून निवडली ती स्वतःचीच जात. आपल्या माणसांकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहण्याचा तो पहिला सराव होता.

दरम्यान त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला होता. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत डॉक्टरेट मिळवलेले. इरावतीबाईंनीही जर्मनीत संशोधन करावे, हा विचार त्यांनी उचलून धरला. विरोध आला तो अनपेक्षित ठिकाणाहून. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहिलेले सासरे, महर्षी कर्वे, यांना सुनेने परदेशी जाणे रुचले नाही. तरीही डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन त्या बर्लिनला रवाना झाल्या.

तेथील कैसर विल्हेल्म संस्थेत मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांचा अभ्यास चाले. संचालक होते ऑयगेन फिशर. वंशसंकर आणि वंशश्रेष्ठता यांवरील त्यांच्या लेखनाला त्या काळी मोठी प्रतिष्ठा होती. पुढे नाझी राजवटीने त्याच विचारांचा आधार घेतला आणि १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. मानवी कवटीच्या उजव्या आणि डाव्या बाजूंतील असमानता हा विषय त्यांनी इरावतीबाईंना दिला. युरोपीय कवट्यांत ही असमानता वेगळी आढळेल आणि तिचा संबंध श्रेष्ठ बुद्धीशी जोडता येईल, अशी त्यांची अटकळ होती.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सर्वत्र होती. वंशाशी तिचा मेळ मात्र कोठेच बसत नव्हता. हातात कर्जाचा पैसा, घरच्या विरोधाची आठवण, परकी भाषा आणि पदवीचा निर्णय ज्यांच्या हाती त्यांचेच गृहीतक आकड्यांच्या विरुद्ध गेलेले. अशा वेळी निष्कर्ष थोडा मवाळ करणे, शंकेचा फायदा मार्गदर्शकाला देणे, हे सोपे होते. इरावतीबाईंनी मोजमापांतून जे निघाले तेच लिहिले. प्रबंध उत्तीर्ण झाला, परंतु फिशर यांनी श्रेणी दिली ती उत्तीर्ण होण्यापुरतीच. १९३० मध्ये त्या डॉक्टर होऊन परतल्या.

काही वर्षे त्यांनी महर्षींच्याच महिला विद्यापीठात कुलसचिवाचे काम पाहिले. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तीच त्यांची कर्मभूमी राहिली. बर्लिनमध्ये शिकलेली शरीरमापनाची पद्धत त्यांनी टाकून दिली नाही. महाराष्ट्रातील जातिसमूहांची मापे घेत त्या गावोगाव हिंडल्या. आज ती पद्धत कालबाह्य ठरली आहे आणि तिच्यावरील आक्षेपही रास्त आहेत. मात्र त्या साधनाने त्यांनी मांडलेला प्रश्न मोलाचा होता. एका मोठ्या जातीची शकले होत पोटजाती निर्माण झाल्या, असे घुर्ये मानत. ब्राह्मण किंवा कुंभार अशा एका नावाखाली ओळखले जाणारे समूह मुळातच निरनिराळे असू शकतात आणि जात हा विस्तारलेला आप्तसमूह आहे, अशी मांडणी इरावतीबाईंनी केली. अशा रीतीने दोन्ही मार्गदर्शकांशी त्यांचा मतभेद झाला. घुर्यांशी झालेला मतभेद तर त्यांनी दिलेल्या शिस्तीच्याच बळावर होता.

१९५३ मध्ये भारतातील नातेव्यवस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व अशा चार विभागांत नात्यांचे शब्द, विवाहाचे नियम आणि प्राचीन वाङ्मय यांचा मेळ त्यांनी घातला. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणीही त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. धरणाच्या विजेचे कौतुक होत असताना उठलेल्या गावांचे काय झाले, हे त्यांनी नोंदवले.

संशोधकाची भाषा परिषदेपुरती राहू नये, याची जाण त्यांच्या मराठी लेखनात दिसते. ‘परिपूर्ती’ आणि ‘भोवरा’ यांतील ललित निबंध घराघरांत वाचले गेले. पंढरीच्या वारीत चालताना एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा वारकरी वेगळे जेवतात, हे पाहून त्यांना झालेली वेदना त्यांनी लपवली नाही. त्याच वाटेवर महाराष्ट्राची ओळखही त्यांना गवसली. ‘युगान्त’मध्ये महाभारतातील व्यक्तींना त्यांनी देवत्वाच्या मखरातून उतरवून माणसांच्या मापाने पाहिले. या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

नोकरी आणि संसार सांभाळून चाळिशीत समाजशास्त्राच्या किंवा संज्ञापनाच्या पीएच.डी.साठी नाव नोंदवणारी मराठी माणसे आज सोहारपासून टोरांटोपर्यंत आढळतात. ती पदवी कशासाठी, हा प्रश्न घरातूनही विचारला जातो. इरावतीबाईंच्या प्रबंधाला मिळालेली श्रेणी त्याचे उत्तर देऊ शकत नाही. त्या प्रबंधात त्यांनी न बदललेले आकडे मात्र देऊ शकतात.